पायाच्या नखाची बुरशी: आधी नख पातळ करा, मग तेल लावा

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखावरचा पिवळा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तो टाचणीच्या डोक्याएवढा होता, बाहेरच्या कोपऱ्यात. मी त्यावर नेलपॉलिश लावलं आणि विसरून गेले. वर्षभरात तो डाग अर्ध्या नखावर पसरला. नख जाड झालं, पुढून उचललं गेलं, आणि कापायला घेतलं की खालून खडूच्या भुकटीसारखा भुगा पडायचा. मोजे काढताना नखाची कड धाग्यात अडकायची, तेव्हा ते सगळं एकदम आठवायचं.

मग मी टी ट्री तेल आणलं आणि चार महिने रोज रात्री न चुकता दोन थेंब नखावर टाकले. काहीच फरक पडला नाही. त्यानंतर पद्धत बदलली, आणि चौदा महिन्यांनी अंगठ्याला मुळापासून टोकापर्यंत स्वच्छ नख आलं. तेल मात्र तेच होतं. पहिल्या चार महिन्यांत ते जाड नखाच्या वरच वाळत होतं आणि बुरशी राहते नखाच्या खाली. म्हणून या लेखात तेलांपेक्षा तेलाच्या आधी करायच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

ती बुरशीच आहे ना?

खराब दिसणाऱ्या नखांपैकी जवळपास निम्म्या नखांत बुरशी नसतेच. घट्ट बुटाचा सततचा दाब, ठेच, सोरायसिस किंवा लायकेन प्लेनस हे त्वचेचे आजार, या सगळ्यांत नख जाड, पिवळं किंवा खडबडीत होतं. माझ्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं नखही काळपट झालं होतं, मी त्यालाही तेल लावत होते. ते निघालं बुटाच्या टोकावर आपटून साचलेलं रक्त. नख वाढलं तसं ते आपोआप पुढे सरकत गेलं आणि कापलं गेलं.

तपासणी अगदी साधी असते. त्वचेचे डॉक्टर नखाचा तुकडा आणि खालचा भुगा काढून घेतात. तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, शिवाय कल्चरला लावतात, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातून बुरशी वाढते का ते बघतात. कल्चरचा निकाल यायला तीन-चार आठवडे लागू शकतात. नमुना नखाच्या टोकाचा न घेता, जिथे चांगलं आणि खराब नख भेटतं त्या आतल्या भागातून घ्यावा लागतो, कारण जिवंत बुरशी तिथे असते. आणि जायच्या आधी काही आठवडे बुरशीवरचं काहीही लावू नका, नाहीतर बुरशी असूनही निकाल 'नाही' असा येतो. माझ्या तपासणीत ट्रायकोफायटॉन रुब्रम निघाली. पायाच्या नखांत सर्वांत जास्त वेळा हीच सापडते.

नखाखाली नव्याने उमटलेली काळी किंवा तपकिरी उभी रेघ दिसली, विशेषतः ती रुंद होत असेल किंवा रंग नखाशेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर तेलाची बाटली उघडूही नका. नखाखाली मेलानोमा नावाचा कर्करोग होऊ शकतो आणि तो सुरुवातीला असाच दिसतो. नख हिरवट झालं असेल तर बहुतेक वेळा ते स्यूडोमोनास या जिवाणूचं काम असतं, त्याचे उपचार वेगळे.

आणि मधुमेह असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर पुढचं काहीही घरी करू नका. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना बुरशी आहे. माझं नख सुधारतंय हे बघून ते म्हणाले, "सूनबाई, ते तेल माझ्याही नखाला लाव की." मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमच्या नखांना मी हात लावणार नाही, आपण डॉक्टरांकडेच जाऊ." त्यांच्या पायाला फाइल घासल्याचं त्यांना धड कळत नाही. जिथे लागलेलं कळत नाही तिथे एक ओरखडासुद्धा जखम होऊन चिघळू शकतो.

कुठल्या नखाला तेलाची आशा धरावी

नखाच्या वरच्या थरावरच पांढरी खडूसारखी ठिपक्यांची बुरशी असेल, तर ती खरवडून वर औषध लावल्यावर सगळ्यांत लवकर जाते. पुढच्या टोकाकडून सुरू झालेली आणि अर्ध्याहून कमी नखात असलेली बुरशी हा दुसरा बरा प्रकार. मुळापर्यंत पोचलेली, किंवा पिवळ्या-पांढऱ्या जाड पट्ट्यासारखी आत शिरलेली बुरशी तेलाला दाद देत नाही. त्या पट्ट्यात बुरशीचा घट्ट गोळा झालेला असतो. तीन-चार नखं एकदम गेली असतील तर मी तेलात वर्ष घालवण्याचा सल्ला कुणाला देणार नाही.

नख पातळ करणं

हे मी आठवड्यातून दोनदा करते, बुधवारी आणि रविवारी, आंघोळीनंतर. पाय पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे. कोरडं, जाड नख कापायला गेलं की ते तडकतं आणि चीर मागे जिवंत भागापर्यंत जाते. भिजलेलं नख मऊ रबरासारखं कापलं जातं.

पाय पुसून खाली वर्तमानपत्र पसरा. नेलकटरने एका दमात मोठा तुकडा तोडू नका, एका वेळी एक-दीड मिलिमीटर घ्या. जो भाग खालच्या कातडीपासून सुटलेला आहे, तो जिथवर दुखत नाही तिथवर कापून टाकायचा. हा सुटलेला भाग म्हणजे बुरशीच्या डोक्यावरचं छप्पर. ते असेपर्यंत तेल आत जात नाही. मी पहिल्यांदा कापलं तेव्हा बाहेरच्या बाजूचं जवळजवळ अर्धं नख गेलं आणि खालची कातडी उघडी पडली. बघायला वाईट दिसतं, पण दुखत नाही, आणि तेलाचा थेंब पहिल्यांदाच हव्या त्या जागी पडतो. कोपरे मात्र खोल गोलाकार कापू नका, नख कातडीत रुतेल.

खालचा भुगा काढताना टोकदार काही वापरायचं नाही. पिन, सुई, कात्रीचं टोक यांनी नख आणखी सुटतं आणि बुरशीला आत जायला नवी वाट मिळते. ओला मऊ टूथब्रश पुरतो, तो या एकाच कामाचा ठेवायचा.

मग नखाचा वरचा भाग घासायचा. कागदी नेल फाइल घ्या, जिच्या एका बाजूला खरबरीत आणि दुसऱ्या बाजूला बारीक कागद असतो. एकाच दिशेने, हलक्या हाताने, मुळाकडून टोकाकडे. फाइलखाली आधी पिवळी पूड निघते, मग पांढरी, आणि नख थोडं लवचिक लागायला लागतं. बोटाने दाबल्यावर नख किंचित वाकलं की तिथे थांबायचं. जळजळ किंवा ऊब जाणवली म्हणजे जास्त झालं. ही पूड नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावा, आणि घासून झाल्यावर वर्तमानपत्र गुंडाळून लगेच टाकून द्या. ती फाइल चांगल्या नखांना अजिबात लावायची नाही. मी एक फाइल दोन आठवडे वापरून टाकून देते. नेलकटर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसते, आणि चांगल्या नखांचं नेलकटर वेगळंच आहे.

नख फारच जाड असेल, फाइलला दाद देत नसेल, तर ४० टक्के युरिया असलेलं क्रीम मदत करतं. ते वनौषधी नाही हे मला माहीत आहे, पण या कामात त्याच्याइतकं सोयीचं मला दुसरं काही मिळालं नाही. आजूबाजूच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावायची, नखावर क्रीमचा थर द्यायचा, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि सकाळी मऊ झालेला थर खरवडायचा. आठ-दहा रात्रींत माझं नख निम्म्या जाडीचं झालं.

आता तेल

टी ट्री तेल ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्युका अल्टर्निफोलिया या झाडाच्या पानांतून काढतात. त्यातला बुरशीवर चालणारा मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल. या तेलाची नखांवर खरोखर चाचणी झाली आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११७ जणांनी सहा महिने दिवसातून दोनदा शुद्ध टी ट्री तेल किंवा १ टक्का क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं औषध लावलं. शेवटी कल्चरमध्ये बुरशी न सापडण्याचं प्रमाण तेलाच्या गटात १८ टक्के आणि क्लोट्रिमॅझोलच्या गटात ११ टक्के होतं. दिसायला सुधारणा मात्र दोन्हीकडे सुमारे ६० टक्के लोकांत झाली. हे आकडे मी मुद्दाम देते, म्हणजे अपेक्षा नीट राहतील. नख दिसायला सुधारणं आणि बुरशी मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लावायची पद्धत अशी. नख पूर्ण कोरडं होऊ द्या, मी वीस मिनिटं थांबते. नखापुरतं तेल शुद्धच चालतं, कातडीला नाही. म्हणून नखाभोवती पेट्रोलियम जेलीची बारीक कड करायची. मग कापसाच्या काडीवर एक थेंब घेऊन आधी नखाच्या पुढच्या कडेखाली, जिथे कापून जागा उघडी केली आहे तिथल्या नखाच्या कडेला, आणि शेवटी नखाच्या वर. उघड्या पडलेल्या कातडीवर शुद्ध तेल न घालता पातळ केलेलं घालायचं: १० मिलिलिटर खोबरेलात किंवा दुसऱ्या कुठल्याही साध्या तेलात १० थेंब. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा. दहा मिनिटं पाय उघडे ठेवून मगच मोजे.

पहिल्यांदा लावण्याआधी पातळ केलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. खाज, पुरळ, लाली आली तर हे तेल तुमच्यासाठी नाही. बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, उन्हापासून लांब. हवा आणि उजेड लागून जुनं झालेलं तेल ॲलर्जी जास्त करतं, म्हणून वर्ष-दीड वर्षापूर्वी उघडलेली बाटली वापरू नका. हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे. लहान मुलं, मांजरं, कुत्री यांच्यापासून दूर ठेवा.

दुसरा पर्याय म्हणजे सर्दीला छातीवर चोळायचा बाम, कापूर, मेंथॉल, निलगिरी तेल आणि थायमॉल असलेला. २०११ साली व्हिक्स व्हेपोरबवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ लोकांनी ४८ आठवडे रोज लावला, ५ जणांचं नख पूर्ण बरं झालं, १० जणांना अर्धवट फायदा झाला, ३ जणांना काहीच नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे फार जोर देऊन बोलता येत नाही. पण ज्यांची कातडी टी ट्री तेलाने लाल होते त्यांना मी हा करून बघा म्हणते. मेक्सिकोत अजेराटिना पिचिन्चेन्सिस या झुडपाच्या अर्काची तुलना सायक्लोपिरॉक्स ८ टक्के या नखाच्या औषधी पॉलिशशी झाली, तेव्हा दोन्हींत फार फरक दिसला नाही. तो अर्क सहज मिळत नाही एवढीच अडचण.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कडुनिंबाचं तेल प्रयोगशाळेत या बुरशींवर चालतं, पण नखात शिरून चालतं असं दाखवणारी भक्कम चाचणी माझ्या वाचनात आली नाही. तेल पातळ करायला वापरायला हरकत नाही. हळद लावू नका, नख पिवळं रंगतं आणि सुधारणा होतेय की नाही हेच दिसेनासं होतं. ओरेगॅनो तेलातला कार्व्हाक्रॉल जोरदार आहे, पण कातडी भाजते. व्हिनेगरमध्ये पाय बुडवल्याने कातडीवरची बुरशी थोडी आवरते, नखाखालच्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. भेगा असतील तर झोंबतं ते वेगळंच.

लसणाचं मी स्वतःवर केलं. पहिल्या चार महिन्यांत गुण येईना म्हणून घाईला आले होते. कच्ची पाकळी ठेचून नखावर ठेवली, वर पट्टी बांधली आणि झोपले. पहाटे पाय ठणकायला लागला म्हणून जाग आली. पट्टी सोडली तर नखाच्या बुडाशी पाण्याने भरलेला फोड होता. कच्च्या लसणाने कातडी खरोखर भाजते, आणि बंद पट्टीखाली तर फारच. तो फोड बरा व्हायला तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस काहीच लावता आलं नाही.

बेचक्या, मोजे, बूट

नखातली बुरशी बहुतेक वेळा आधी कातडीवर असते. चौथं बोट आणि करंगळी यांच्या बेचकीत पांढरी, भिजल्यासारखी सोलवटलेली कातडी दिसली किंवा खाज सुटली, म्हणजे ज्याला आपण चिखल्या म्हणतो ते, तर नखाआधी ती बरी करा. नाहीतर नख एका बाजूने स्वच्छ कराल आणि तिथून बुरशी परत येईल. चिखल्यांवर २५ आणि ५० टक्के टी ट्री तेलाची चाचणी झाली आहे आणि फायदाही दिसला, पण काही जणांच्या कातडीला त्याने त्रास झाला. माझं मत स्पष्ट आहे: बेचकीत १ टक्का टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाचं साधं क्रीम लावा. एक-दोन आठवड्यांत काम होतं. सगळंच वनस्पतीचं हवं या हट्टापायी कातडीची बुरशी महिनोन्महिने जपण्यात अर्थ नाही. तळव्यावर कोरडी, पिठासारखी सालं निघत असतील तर तीही बहुतेक तीच बुरशी असते.

मोजे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. तीस-चाळीस अंशांना बुरशी जिवंत राहते. आमच्याकडे मी मोजे उलटे करून धुते, कारण कातडीचे कण आतून चिकटलेले असतात. बुटांचे दोन जोड आलटून पालटून घाला, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण एक दिवस वाळायला मिळतो. मी दिवसातले आठ तास बंद बुटात उभी असते, त्यामुळे दुपारी मोजे बदलते. नेलपॉलिश उपचार संपेपर्यंत बंद.

मोजल्याशिवाय कळत नाही

पिवळं झालेलं नख परत चांगलं होत नाही. ते पुढे सरकून कापलं जातं आणि मागून नवं येतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून पूर्ण बदलायला बारा ते अठरा महिने लागतात. रोज बघून फरक दिसत नाही आणि माणूस कंटाळून सोडून देतो. मी दर महिन्याच्या एक तारखेला, खिडकीच्या उजेडात, पाय त्याच स्टुलावर ठेवून फोटो काढायचे आणि पारदर्शक पट्टीने नखाच्या बुडापासून पिवळी हद्द किती लांब आहे ते मोजून वहीत लिहायचे.

माझ्या वहीत पहिल्या महिन्यात ४ मिलिमीटर आहे, दुसऱ्यातही ४. म्हणजे नख जेवढं पुढे येत होतं तेवढीच बुरशी मागे सरकत होती. तिसऱ्यात ५, पाचव्यात ८. मग प्रवासात पाच आठवडे तेल राहिलं, आणि सातव्या महिन्यात आकडा ७ झाला. नख वाढलेलं असूनही हद्द मुळाकडे आली होती. तो एक आकडा बघून मी पुन्हा एकही दिवस चुकवला नाही. चौदाव्या महिन्यात मोजायला पिवळं काही उरलं नव्हतं.

तुमचा आकडा चौथ्या महिन्यापर्यंत हललाच नाही किंवा कमी होत गेला, तर तेल बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. टर्बिनाफिनच्या गोळ्या, रोज २५० मिलिग्रॅम बारा आठवडे, हा आजही पायाच्या नखांवरचा सर्वांत परिणामकारक उपचार आहे. त्याआधी यकृताची तपासणी करतात. नखावर लावायच्या औषधी पॉलिशनेही सगळे बरे होतात असं नाही: वर्षभर इफिनाकोनॅझोल लावून नख पूर्ण बरं होण्याचं प्रमाण चाचण्यांत १५ ते १८ टक्के होतं, सायक्लोपिरॉक्सचं त्याहून कमी. आणि नखाभोवती सूज, ठणका, पू, पसरत जाणारी लाली दिसली तर चौथ्या महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

नख स्वच्छ झाल्यावर मी तीन महिने तेल दोन्ही वेळा चालू ठेवलं, आता आठवड्यातून दोनदा लावते, कारण ही बुरशी परत येण्याचं प्रमाण बरंच आहे. एक तारखेला अजूनही पाय त्याच स्टुलावर ठेवते. मोजपट्टी लागत नाही, फक्त बोटं फाकवून बेचक्या बघते, करंगळीजवळची सगळ्यात आधी.